कीपरतात्यांची शेवटची गाठ

"गोलातनं? माणसं? आत? आन् ती मी सोडायची? मी?"

तात्या ओरडत होते तेव्हा माझ्या दुकानातलं फ्लेक्सचं मशीन चालू होतं. ते चालू असलं की शेजारी तोफ उडाली तरी मुंगी शिंकल्यासारखी वाटते. पण तात्यांचा आवाज त्या घरघरीच्या खांद्यावर चढून रस्त्यावर गेला, तिथून चौकात गेला, आणि चौकातला वडेवाला तळणातला झारा तसाच हातात धरून बघायला आला. समोर बिचारी श्वेता उभी होती. पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, वडिलांच्या साठाव्या वाढदिवसासाठी रजा टाकून कोल्हापूरला आलेली. तिच्या मोबाईलवर कुठल्याशा पार्टीचा फोटो होता. फुटबॉलची थीम. हिरवळ, काळे-पांढरे फुगे आणि प्रवेशदारात कमानीच्या जागी खराखुरा गोलपोस्ट. पाहुण्यांनी त्या गोलातून आत यायचं, एवढीच तिची हौस.

"काका, नुसतं गेट आहे हो ते," श्वेता म्हणाली.

"गेट असंल ते तुज्यासाठी, बाळ. मी बारा वर्सं त्याच्या तोंडाला हुबा ऱ्हायलो. आन् आता तू म्हणतीस अडीचशे माणसं आत घ्या, वर त्यास्नी गुलाबपाणी मारा!"

"पप्पांनीच तुमच्याकडं पाठवलंय. म्हणाले, डेकोरेशन करायचं तर कीपरतात्यांनी. नाहीतर पार्टीच नको."

"कोण पप्पा तुजं?"

श्वेतानं नाव सांगितलं. पलीकडच्या पेठेतले बापू, एकेकाळचे त्यांच्या टीमचे डावखुरे सेंटर फॉरवर्ड. आणि तात्या थांबले. म्हणजे बोलायचे थांबले एवढंच नाही, हलायचेच थांबले. वडेवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मी वडेवाल्याकडं बघितलं. तात्यांना स्थिर उभं राहिलेलं त्यानंही कधी पाहिलं नव्हतं आणि मीही नाही.

कारण कीपरतात्या हा माणूस देवानं स्प्रिंगवर बसवून पाठवला होता. आमच्या पेठेच्या टीमचे एकेकाळचे गोलकीपर आणि वडिलोपार्जित मंडपवाले. खरं नाव रेशनकार्डावर असावं. त्यांचं गोडाऊन आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत. माझे वडील ब्रशनं बोर्ड रंगवायचे म्हणून तात्या मला 'पेंटर' म्हणायचे. मी जन्मात ब्रश हातात धरला नाही, पण तात्यांना ते कधी पटलं नाही. चहा प्यायचे तो उभ्यानं, डाव्या पायावरून उजव्या पायावर, उजव्यावरून डाव्यावर, जसा काही समोर कुणी पेनल्टी मारायला उभा आहे. बँकेच्या रांगेत असे नाचायचे की शिपाई त्यांना आधी आत सोडायचा, त्याला वाटायचं यांना जोराची लागली आहे. काकी, म्हणजे तात्यांची बायको, एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं मी भित्तीकडनं झोपते. मधनंच डाईव्ह मारत्यात."

काहीही फेका, तात्या झेलायचे. किल्ल्या, नारळ, चहाचा भरलेला ग्लास. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून एकदा कुंडी पडली, तेव्हा खाली तात्या होते म्हणून आज एक दूधवाला जिवंत आहे. कुंडी त्यांनी हवेतच झेलली, छातीशी धरली, चार पावलं पळाले आणि लांब किक मारायला पाय मागं घेतला. वरून बाई किंचाळली, "आवं तात्या, तुळस हाय ती!" तेव्हा कुठं पाय थांबला. दूधवाला शपथेवर सांगेल. तो आता चंदगडला असतो, ज्याला खात्री करायची त्यानं एसटीनं जावं.

मंडपाचं माप घ्यायला तात्यांनी कधी टेप वापरला नाही. त्यांचं माप डाईव्हचं. "स्टेज किती? तीन डाईव्ह. कमान? एक डाईव्ह आन् हात." गिऱ्हाईक समजूतदार नसलं तर ते जमिनीवर आडवे पडून दाखवायचे, पांढऱ्या शर्टासकट. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आईला वाटलं मंडपवाल्याला चक्कर आली, तिनं कांदा आणून नाकाला लावला. तात्या पडल्या पडल्या म्हणाले, "वैनी, कांदा ऱ्हाऊ द्या, माझ्या हाताच्या टोकाला खूण करा." आणि सांगायची गोष्ट म्हणजे माप कधी इंचभर चुकलं नाही.

पण तात्यांचं खरं नाव झालं ते गाठीसाठी. त्यांची गाठ सुटत नसे. कोडोलीला त्यांनी एका बारशाचा मंडप घातला होता. वळवाचं वादळ आलं, मंडप उचलला आणि नेला. लोकांनी आशा सोडली. दुसऱ्या दिवशी तो वारणेच्या काठावर सापडला, तसाच्या तसा उभा, झालरीसकट, पंख्यासकट, आणि आत खुर्चीवर पाळण्यातल्या पोराचे पणजोबा झोपलेले. म्हाताऱ्यानं डोळे उघडून विचारलं म्हणे, "जेवणं झाली का?" तात्या ही हकिगत सांगताना पणजोबांचा भाग मोठा करून सांगायचे असा काही जणांचा आरोप आहे. मी जशी ऐकली तशीच सांगतोय, थोडी कमीच करून.

त्या गाठी मारायची तात्यांची एक पद्धत होती आणि ती समजली नाही तर तात्या समजणार नाहीत. सगळ्या गाठी निरगाठी, म्हणजे ओढाल तशा आवळत जाणाऱ्या. पण शेवटची, डाव्या बाजूची, अगदी खालची गाठ सुरगाठ. तिचं शेपूट ओढलं की ती सुटते, आणि एका दोरीत ओवलेलं सगळं सरसर उतरतं. वडिलांनी शिकवलेलं. "बांधायला चार तास लागू द्यात," तात्या म्हणायचे, "सोडायला चार मिन्टं लागली पायजेत. पावणं गेल्यावर मंडप हुबा दिसला की लई वंगाळ वाटतंय." ही सुरगाठ कुठं आहे ते त्यांची माणसं सोडून कुणाला ठाऊक नसे. मला ठाऊक होतं ते भिंत एकच असल्यामुळं.

आणि तीच गाठ तात्यांना बसू देत नसे. काम झालं, हात धुतले, पंगतीत पान मांडलं, की पहिला घास घ्यायच्या आत हे उठायचे. "आलो रं, जरा बघून येतो." कुठं, तर डाव्या कोपऱ्यात खाली वाकून ती शेवटची गाठ बघायला. परत येऊन बसायचे, वरणावर तूप पडायचं, की पुन्हा उठायचे. शेकडो लग्नांचे मंडप घातलेला हा माणूस एकाही लग्नात पोटभर जेवला नाही. लोकांना वाटायचं, काय हा कामाचा माणूस! मला खरं कारण एकदा त्यांनीच सांगितलं, मिसळीचा कट तसाच निवू देऊन, या पायावरून त्या पायावर होत.

चौतीस वर्षांपूर्वीची फायनल. आमची पेठ आणि पलीकडची पेठ. आमचा जांभळा, त्यांचा पोपटी. त्या दिवशी शहरात कुणाच्या घरी भाकरी झाली नाही, रंकाळ्यातल्या म्हशीसुद्धा काठाला येऊन स्टेडियमकडं तोंड करून उभ्या होत्या. मंडपाचा धंदा तात्यांच्या वडिलांचा, त्यामुळं मैदानावरच्या पताका आणि गोलाच्या जाळ्याही त्यांच्याकडंच. वडील आजारी होते, म्हणून सकाळी जाळ्या तात्यांनी बांधल्या आणि दुपारी त्याच जाळीपुढं उभे राहिले. मॅच संपायला दोन मिनिटं. बापू डाव्या बाजूनं घुसले, डाव्या पायानं मारलं. तात्या झेपावले. बॉल पोस्टच्या बाहेरून गेला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. वळून बघतात तर बॉल जाळीत.

मैदान पेटलं. आमचे म्हणतात, बाहेरनं गेला, जाळी सुटलीय! त्यांचे म्हणतात, गोल! रेफ्री धावत आला. हुशार माणूस, त्यानं तात्यांनाच विचारलं, "जाळी सुटली आहे का?" वाकून बघायचं होतं, बस्स. एक हात खाली. पण चारी बाजूंनी लोक ओरडत होते की कीपरनं जाळी बांधली आणि त्याचीच गाठ सुटली, आणि हा मंडपवाल्याचा पोरगा. तात्या न बघता गरजले, "मी बांधलेली जाळी सुटत न्हाई!"

रेफ्रीनं शिट्टी मारली. गोल. लोक मैदानात घुसले, पोरांनी जाळ्या उपटून खांद्यावर घेऊन मिरवल्या. बघायला काही उरलंच नाही.

"पेंटर," तात्या मला म्हणाले होते, "त्या दिशी शेवटची गाठ निरगाठ मारली का हाताच्या सवयीनं सुरगाठ मारली, तेवढंच आठवंना झालंय. निरगाठ आसंल तर बॉल आतनंच गेला आन् माझा डोळा खोटा. सुरगाठ आसंल तर डोळा खरा आन् गाठ खोटी. एक कायतरी कळू दे. मग मी बसतो गप."

तर अशा माणसाला बापूंच्या साठीसाठी गोल बांधायचा होता, आणि बापूंनी तो यांच्याच हातचा मागितला होता. तात्या थिजले ते म्हणून. मग त्यांनी श्वेताला विचारलं, "जाळी कुठल्या रंगाची पायजे?" आणि पुन्हा नाचायला लागले. काम धरलं.

पुढचे आठ दिवस तात्यांनी पेठेला झोपू दिलं नाही. श्वेताला टेबलांवर पोपटी कापड हवं होतं, गवतासारखं दिसतं म्हणून. आमच्या पेठेत ही बातमी वाऱ्यासारखी गेली. "तात्या, पोपटी पडदं शिवायला टाकलं म्हणं? आता जांभळा फेटा इकायला काडा!" तात्या उत्तर द्यायचे, "पडदा हाय त्यो, झेंडा न्हाई. तुज्या लग्नात गुलाबी हुता, तवा तू नवरी झालतास का?" फुग्यांशी त्यांचं कधीच जमलं नाही. काळे-पांढरे पाचशे फुगे गोडाऊनमध्ये फुगवून ठेवले, त्यातला एक फुटला की तात्या आवाजाच्या दिशेनं झेप घ्यायचे. दोन दिवसांत त्यांनी झेपा घेऊन घेऊन निम्मे फोडले. पार्टीसाठी घेतलेल्या लॉनवर आधीच खरं गवत होतं, त्यावर श्वेतानं प्लॅस्टिकचं गवत अंथरायला सांगितलं. तात्यांनी वाकून ते चिमटीत धरलं. "गवताला बी स्वेटर घातला का आता?"

मला स्टेजमागं मोठा फ्लेक्स करायचा होता. बापूंचा तो गोल. त्या मॅचचा फोटो कुणाकडं नाही, म्हणून चित्र तयार केलं. बापूंनी पाय उचललेला, बॉल, गोल, आणि तात्या नुसते बघत उभे. तात्यांनी स्क्रीनवर बोट आपटलं. "हुबा दावतोस मला? आडवा कर! मी झेप घेतलीती. गोल झाला तर झाला, पर हुबा न्हवतो." मी त्यांना आडवं केलं. "अजून लांब." आणखी लांब केलं. शेवटी फ्लेक्सवर तात्या बापूंपेक्षा मोठे झाले. श्वेताला ते आवडलं, म्हणाली ॲक्शन आली.

पार्टीच्या दिवशी दुपारी मी स्टेजपाशी फ्लेक्स ताणत होतो. श्वेता पार्लरला गेली होती. तिचं सांगणं साधं होतं. गोलाच्या मागची जाळी मधोमध दोन भागांत ठेवा, पडद्यासारखी. पाहुणे खांबांमधून येतील, जाळी बाजूला सरेल आणि आत. तात्यांनी तशीच लावली. मग मागं सरून बघितलं. चार वाजल्यापासून सहापर्यंत ते त्या फटीसमोर येरझाऱ्या घालत होते. मी लांबून ओरडलो, "तात्या, झालं की, बसा!"

"ही जाळी हाय?" तात्या परत ओरडले. "ह्यो परकर हाय, परकर!"

आणि त्यांनी ती फट शिवून टाकली. वरपासून खालपर्यंत. मग खाली खुंट्या मारल्या, कडा बांधल्या. दोन्ही बाजूंना कुंपणापर्यंत कनाती होत्या, त्याही आवळल्या. दार सांगितलं होतं, तात्यांनी गोल करून ठेवला. असा गोल की त्यात डास शिरला असता तर पंचनामा करावा लागला असता. आणि गोलातून पाहुण्यांना पुढं जायचं आहे, हे त्या साठी उलटलेल्या डोक्यातून साफ गेलं.

सात वाजता पहिली पावणेमंडळी आली. खांबांमधून आत शिरली आणि जाळीपाशी थांबली. कुणी काही बोललं नाही, हेच तर कोल्हापूरचं मोठेपण! सगळ्यांना वाटलं, थीम आहे, पुण्याच्या पोरीनं ठरवलंय, जाळीत उभं राहायचं असेल. त्यांनी जाळीत उभं राहून सेल्फी काढले. गुलाबपाणीवाल्यानं जाळीतून गुलाबपाणी मारलं. मागून आणखी आले. आत दिवे, गाणी, जेवणाचा वास, त्यामुळं मागचे पुढच्यांना रेटायला लागले.

"ओ पावणं, म्होरं सरका की!"

"कुठं सरकू? माझं नाक जाळीतनं पलीकडं गेलंय!"

"आवं, केकवाला हाय मी, मला तरी जाऊ द्या!"

"आदी माझ्या पायावरनं उतर, मग केकाचं बघू!"

बघता बघता शंभर-दीडशे माणसं त्या गोलात भरली. एका आत्याबाईंची नथ जाळीत अडकली. एका पुढाऱ्याचा हार जाळीतून आत गेला, पुढारी बाहेर राहिले. पोस्टचे बांबू करकरायला लागले आणि आता सगळा गोल माणसांसकट आडवा होणार, हे मला दिसलं. तात्या बाहेरच्या बाजूला शिडीवर होते, क्रॉसबारला मिठी मारून. आचारी कांद्याची सुरी घेऊन आतून धावला.

"जाळीला सुरी लावलीस तर बघ!" तात्या वरून गरजले.

"मग सोडा की!"

"सुटायची न्हाई ती! आज समद्या निरगाठी हायत! शेवटची बी! मुद्दाम मारलीय!"

मुद्दाम मारली होती, म्हणजे मारली असं त्यांना वाटत होतं. बापूंच्या गोलाला तरी सुरगाठ नको, असं त्यांनी मनाशी घोकलं होतं, मलाही सकाळी तीन वेळा बजावलं होतं.

तेवढ्यात आतून बापू आले. नवा कुर्ता, कपाळाला टिळा, गुडघे दुखणारे. ते इकडं-तिकडं बघत बसले नाहीत. सरळ डाव्या पोस्टपाशी गेले, एक गुडघा टेकला, खाली हात घातला, चाचपलं आणि ओढलं.

जाळी सरसर उतरली. दीडशे माणसं प्लॅस्टिकच्या गवतावर आत सांडली, हसत, शिव्या घालत, चपला शोधत. आत्याबाई नथ सापडल्याचं ओरडून सांगत होत्या. त्या गोंगाटात बापू कोपऱ्यात तसेच टेकलेले होते, हातात दोरीचं शेपूट, आणि तात्या शिडीवर. तात्या हलत नव्हते.

"बापू," ते वरून म्हणाले, "तुला कसं ठावं?"

"त्या दिवसापास्नं ठावं हाय, तात्या," बापू म्हणाले. "बॉल आणायला जाळीत मीच गेलतो. गाठ सुटून शेपूट लोंबत हुतं, हितंच."

मी तिथंच होतो, दोन हातांवर. तात्या शिडीवरून एकेक पायरी उतरले. कोपऱ्यात वाकले. चौतीस वर्षांपूर्वी वाकायचं राहिलं होतं तसे, आता सावकाश वाकले. आपला हात उलटा करून बघितला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. "घोकून घोकून निरगाठ मारली," ते पुटपुटले, "तरी ह्यानं सुरगाठच मारली." मग एकदम हसले. "म्हंजे डोळा खरा हुता रं माजा!"

मला वाटलं झालं, आता आकाश मोकळं. बापूंनाही तसंच वाटलं असणार. केक आला. श्वेतानं त्यावर साखरेचा गोलपोस्ट केला होता, साखरेचा बॉल, आणि डाव्या पायाचा साखरेचा बापू. बापूंनी माईक घेतला.

"मंडळी, केक कापायच्या आधी एक सांगायचं हाय. चौतीस वर्सं सांगायचं ऱ्हायलंय. त्यो फायनलचा गोल…"

"बापू!" तात्या स्टेजच्या पायरीपासून ओरडले. माईक नसताना तो आवाज स्पीकरपेक्षा मोठा होता. दोन ढांगांत वर गेले आणि माईक हातानं झाकला. मी फ्लेक्सच्या मागं दोरी धरून उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. बाकीच्यांना वाटलं जुनी दुश्मनी, आता लागतंय.

"काय बोलायला निगालास?"

"खरं ते. झोप न्हाई मला, तात्या. लोकं अजून त्या गोलाचं सत्कार करत्यात."

"रेफ्रीनं कुणाला इच्यारलं हुतं? तुला का मला?"

"तुमाला."

"मग? मी बोललो, त्यानं गोल दिला. माझं बोलणं तू कशाला खोटं पाडतोस रं, भर सभंत? पोरीनं केकावर गोल काढलाय तुझा. तो काप आन् खा."

तात्यांनी माईकवरचा हात काढला, तो तोंडाजवळ घेतला आणि सगळ्या लॉनला सांगितलं, "बापू म्हणतोय, त्यो गोल त्याच्या जल्मातला बेस हुता! वाजवा की टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. पोपटी पेठेची पोरं नाचली. आणि त्यानंतर तात्या एक खुर्ची ओढून बसले. मी घड्याळात बघितलं नाही, पण चांगले तीन वाडगे पांढरा रस्सा पिण्याइतका वेळ बसले. काकी लांबून बघत होत्या. मला म्हणाल्या, "बरं न्हाई का काय त्यास्नी?"

दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तेच. गोडाऊनमध्ये या पायावरून त्या पायावर, फुगा फुटला की झेप. मला वाटलं होतं, गाठ कळली की माणूस शांत होईल. नाही झाला. फक्त पंगतीतून उठायचे बंद झाले. उलट बेचैनी लागली ती मला. सगळ्या पेठेत मला एकट्याला माहीत, आणि सांगायची चोरी. चौकात कुणी नवं पोरगं तात्यांना "गोल खाल्लेला कीपर" म्हणालं की माझी जीभ दातांवर आपटायची. एकदा मी तात्यांना तसं बोललोही. ते म्हणाले, "तू पेंटर हायस. रंगव. रेफ्री हू नकोस."

पुढल्या वर्षी, यात्रेच्या दिवसांत, तात्या गेले. सकाळी आजऱ्याला एका मंडपाचं साहित्य पाठवलं, गाडीची दोरी आवळली, शेवटची गाठ बघायला वाकले आणि वर उठलेच नाहीत. गाडी घेऊन निघालेल्या त्यांच्या धाकट्या भावानं ती थांबवली नाही, कारण तात्यांनी आधीच "जाऊ द्या!" म्हणून हाक दिली होती. मंडप वेळेवर उभा राहिला.

रक्षाविसर्जनाच्या आदल्या दिवशी बापू माझ्या दुकानात आले. पोपटी पेठेतला माणूस आमच्या चौकात पायी आला म्हणून वडेवाला पुन्हा झारा घेऊन दारात. बापूंना त्यांच्या चौकात तात्यांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता. त्या चौकात जांभळ्या जर्सीतला माणूस आजवर कधी लागला नव्हता. मी फोटो उघडला, जांभळा रंग भरला, नाव टाकलं. मग माझ्यानं राहवेना. एवढे दिवस कोंडून ठेवलेलं सगळं जिभेवर आलं.

"बापू, आता तरी लिहू की. 'तो गोल नव्हता.' तीनच शब्द. खाली तुमचं नाव. सगळी पेठ वाचंल. त्यांचा डोळा खरा होता हे कळू दे की लोकांना."

बापूंनी स्क्रीनवरच्या जांभळ्या जर्सीवर बोट ठेवलं. मशीन सुरू करायला माझा हात बटणावर होता.

"गोल म्हणून तात्या सांगून गेल्यात," ते म्हणाले. "फोटो जरा मोठा कर."